खर्चाची बेरीज पगारापेक्षा जास्त येते, मदत हवी आहे

खर्चाचा हिशोब गूगल शीट्समध्ये मांडतोय. दोन बँक खाती, एक क्रेडिट कार्ड. तिन्हींची स्टेटमेंट उतरवून घेतली आणि खर्ची पडलेल्या सगळ्या रकमांची बेरीज केली. ती आली ७८,४०० रुपये. पगार ६२,००० आणि दोन्ही खाती मिळून शिल्लक उलट ३,००० ने वाढली आहे. शिवाय यूपीआयच्या निम्म्या नोंदींवरून पैसे कशाला गेले तेच समजत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : एका खात्यातून दुसऱ्यात किती वर्ग केले? कार्डाचं बिल किती भरलं?

प्रश्नकर्ता : वर्ग केले ८,०००. बिल ११,४००, आणि त्या बिलातल्या खरेदीच्या ओळीही शीटमध्ये आहेत.

उत्तर : मग १९,४०० जादा धरले गेलेत. आपल्याच दुसऱ्या खात्यात टाकलेले पैसे खर्च नव्हेत. कार्डावरची खरेदी हा खर्च, बिल भरणं म्हणजे नुसती देणी फेडणं. ७८,४०० मधून १९,४०० गेले की ५९,००० उरतात. पगाराच्या ६२,००० मधून ते वजा केले की शिल्लक वाढलेले ३,००० येतात, म्हणजे ताळा जुळतो.

या ओळी पुसू मात्र नका, नाहीतर पुढच्या वेळी ताळा घेता येणार नाही. 'प्रकार' नावाचा रकाना घाला आणि त्यात खर्च, वर्ग, गुंतवणूक यांपैकी एक लिहा. एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) गुंतवणुकीत जाते. परत आलेली वस्तू असेल तर रिफंड त्याच सदरात (म्हणजे ज्या खर्चाच्या गटात ती खरेदी लिहिली होती तिथे) उणे लिहायचा, उत्पन्नात नाही.

दुसरं उत्तर : यूपीआयचं दुखणं वेगळं आहे. क्यूआर कोड बहुतेकदा दुकानदाराच्या स्वतःच्या नावावर असतो, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये व्यक्तीचं नाव दिसतं आणि तो भाजीवाला होता की इस्त्रीवाला ते कळत नाही. पैसे देतानाच शेऱ्याच्या चौकटीत 'भाजी', 'रिक्षा' एवढं लिहा. नेहमीच्या दुकानदारांची नाव-सदर अशी यादी दुसऱ्या टॅबमध्ये ठेवली की व्हीलुकअपने (यादीत नाव शोधून समोरचं सदर आणणाऱ्या शीटच्या सूत्राने) सदर आपोआप भरता येतं.

यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या रकमांसाठी आधी पैसे भरून ठेवायचं ॲपमधलं पाकीट, वापरता का? त्यात १,००० पर्यंतचे व्यवहार होतात, पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. चहा, वडापाव, पार्किंग सगळं त्या एका ओळीत लपतं. तपशील ॲपच्या इतिहासातून घ्यावा लागतो.

प्रश्नकर्ता : लाइट वापरतो, तेच असणार. आणखी एक, ५ मार्चच्या काही नोंदी मे महिन्यात दिसतात.

दुसरं उत्तर : शीटचं लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा वाचायच्या ती सेटिंग) अमेरिकेचं असेल, तिथे महिना आधी वाचतात. सेटिंग्जमध्ये लोकेल भारत करा आणि फाइल पुन्हा आयात करा. आधीच उलटलेल्या तारखा नुसत्या लोकेल बदलून सुधारत नाहीत.

तिसरं उत्तर : एटीएममधून काढलेली रोकड 'वर्ग' मध्ये टाका, ती हातातल्या रोखीच्या खात्यात जाते. दर रविवारी पाकीट मोजा. मागची शिल्लक अधिक काढलेली रोकड, वजा आत्ताची शिल्लक, एवढा रोख खर्च झाला. आठवेल तेवढा सदरात लिहा, बाकी 'किरकोळ'. किरकोळ एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांपुढे गेलं तर मात्र रोजच्या रोज लिहायला घ्या, कारण तुम्हाला जे शोधायचंय ते नेमकं तिथेच आहे. सदरं दहा-बाराच पुरे. विम्याचा हप्ता, शाळेची फी अशा वार्षिक रकमा वेगळ्या टॅबमध्ये घेऊन त्यांचा बारावा भाग दर महिन्याला धरा, म्हणजे दोन महिन्यांची तुलना खरी होते.