मदत हवी आहे: मतदार नोंदणीचा फॉर्म रिजेक्ट झाला, आता पुढे काय?

रात्रपाळी
परदेशातून मतदार यादीत नाव घालायचा ऑनलाइन फॉर्म भरला होता, फोटो पासपोर्ट सगळं अपलोड केलं, कितीतरी दिवस स्टेटस हललंच नाही आणि काल रात्री बघतो तर रिजेक्टेड. कारण काय तर 'आवश्यक कागदपत्रे जोडलेली नाहीत'. कुठला कागद ते नाही. १९५० ही मतदार हेल्पलाइन इकडून लागत नाही. वडिलांना ऑफिसात पाठवलं तर साहेब मीटिंगला. कुणी हे यशस्वीपणे केलंय का? नेमकं काय जोडायचं तेवढं सांगा. आणि "तिकडे बसून मत कशाला पाहिजे" छाप प्रतिसाद नकोत, ते आमचा धाकटा भाऊ रोज देतो. जरा लवकर, पुढच्या सुट्टीच्या आत मिटवायचंय.

डब्लिनकर
कुठला फॉर्म? साधा ६ की परदेशस्थ मतदारांचा ६ए? आणि कुठल्या देशात आहात? भारतीय पासपोर्टच आहे ना? एवढं तरी लिहा हो.

टोमणे_अनलिमिटेड
नको म्हणालात म्हणून मुद्दाम तोच प्रतिसाद देतो. २०२४ च्या लोकसभेला परदेशस्थ मतदार म्हणून नोंदलेले होते १,१९,३७४ आणि प्रत्यक्ष येऊन मत दिलेले २,९५८. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. म्हणजे केरळ सोडून अख्ख्या देशात तीनशेसुद्धा नाहीत. विमानाचं तिकीट काढून बोटाला शाई लावून घ्यायला यायचं, हा शौक कुणाला परवडतो?

रात्रपाळी
@टोमणे, धन्यवाद, भावाला तुमचा नंबर देतो.
@डब्लिनकर, ६ए च. यूएई. पासपोर्ट भारतीयच, नाहीतर फॉर्म कशाला भरला असता.

डब्लिनकर
मग व्हिसाचं पान राहिलं असणार. माझ्या ६ए ला पासपोर्टचं फोटोचं पान, पत्त्याचं पान आणि चालू व्हिसाचं पान अशी तिन्ही लागली होती. मी दोनच दिली तेव्हा लटकलं होतं. तिसरं जोडलं, मग बीएलओ, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघरी फिरणारा केंद्रस्तरीय अधिकारी, घरी जाऊन आईला विचारून आला, शेजारच्या काकूंना पण विचारलं म्हणे, आणि झालं.

रात्रपाळी
इकडे व्हिसाचा स्टिकर लावतच नाहीत आता. एमिरेट्स आयडी तोच व्हिसा. मग पान कुठलं देऊ?

अबुधाबी_अण्णा
बरोबर, एप्रिल २०२२ पासून पासपोर्टवर स्टिकर बंद झाला. पण रेसिडेन्सीची पीडीएफ मिळते ऑनलाइन, फोटो आणि पासपोर्ट नंबरासकट, ती काढा आणि एमिरेट्स आयडीच्या दोन्ही बाजू त्यासोबत जोडा. तिथल्या क्लार्कला स्टिकर बंद झाल्याचं माहीत असेलच असं नाही, वडिलांकरवी एक साधं पत्र द्या. आणि जाता जाता, तुमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पक्षाचा प्रचार, 'निवडणुकीसाठी वर्गणी' वगैरे टाकत असाल तर बंद करा. इकडे परवानगीशिवाय देणग्या गोळा करणं गुन्हा आहे. तुम्ही करताय असं म्हणत नाही, पण आमच्याकडे एकाने केलं होतं आणि बाकीच्यांची झोप उडाली.

रात्रपाळी
मी कसलाही प्रचार करत नाही हो. मला फक्त मत द्यायचंय.

लेस्टरची_वहिनी
मी तर भारतीय पासपोर्टवर इथेच ब्रिटनमध्ये मत दिलं, जुलै २०२४ ला, संसदेच्या निवडणुकीत! कॉमनवेल्थ देशाचे नागरिक असल्यामुळे आपल्याला इथे कायदेशीर राहत असू तर हक्क आहे, बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. आता फोटो आयडी लागतो पण आपला पासपोर्ट चालतो. घरी पत्र येतं त्यावर नाव घाला, पाच मिनिटांचं काम. सगळ्यांनी जरूर करा!

डब्लिनकर
वहिनी, ते यूएईत आहेत.

लेस्टरची_वहिनी
हो पण बाकीचे पण वाचतात ना.

चार्टर्ड_गणू
मूळ प्रश्न हा की तुम्ही एनआरआय आहात का. वर्षात १८२ दिवस भारतात होतात का ते आधी मोजा. नसाल तर एनआरआय, मग ६ए. असाल तर रेसिडेंट, मग साधा फॉर्म ६. आयकराच्या रिटर्नमध्ये काय दाखवलंय त्याच्याशी हे जुळलं पाहिजे, नाहीतर नोटीस येते. एनआरओ, म्हणजे एनआरआयचं भारतातलं बँक खातं, केलंय का?

निवृत्त_नायब
गणूभाऊ, आयकराचे १८२ दिवस आणि मतदार यादी यांचा काडीचा संबंध नाही. ते वेगळं खातं, हे वेगळं.

रात्रपाळी, महसूलमध्ये नोकरी झाली, त्यातला बराच काळ निवडणूक शाखेत गेला म्हणून लिहितो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० मध्ये कलम २०ए आहे, २०१० च्या दुरुस्तीने आलं, २०११ पासून लागू झालं. त्याच्याआधी परदेशी गेला की नाव कमी, विषय संपला. आता त्या कलमात असं आहे की माणूस भारताचा नागरिक हवा, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नको, नोकरी-शिक्षण किंवा इतर कारणाने बाहेर असला पाहिजे, आणि त्याचं नाव आधीच यादीत असता कामा नये. नोंद कुठे होणार, तर पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे त्या मतदारसंघात. तुमच्या मनात कुठलं गाव आहे, आधारवर काय आहे, वीजबिल कुणाच्या नावावर आहे, ह्याला अर्थ नाही. म्हणून दोन प्रश्न. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता कुठला? आणि जुनं मतदार कार्ड आहे का?

रात्रपाळी
पासपोर्ट मागच्या वर्षी इथूनच रिन्यू केला, त्यामुळे शेवटच्या पानावर शारजाचा पत्ता आहे. पण फॉर्ममध्ये मी गावचा पत्ता टाकला होता, तोच बरोबर आहे ना, आधार पण त्यावर आहे. जुनं कार्ड आहे, कपाटात. नाव पण बहुतेक यादीत आहेच, गेल्या वेळी वडिलांना स्लिप आली होती माझ्या नावाची. त्याने काय फरक पडतो?

टोमणे_अनलिमिटेड
पॉपकॉर्न आणतो.

डब्लिनकर
अहो मग हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं की! मी व्हिसाच्या पानावर निबंध लिहिला.

रात्रपाळी
कुणी विचारलंच नाही ना.

मिरजेचा_सतारवाला
मग रडताय कशाला? नाव यादीत आहे, कार्ड कपाटात आहे, मतदानाच्या दिवशी गावात असलात तर जा आणि बटण दाबून या. माझे दोन चुलतभाऊ कतारला आहेत, येतात तेव्हा तसंच करतात, कुणी विचारत नाही. कशाला ६ए च्या भानगडीत पडता, असलेलं नाव पण घालवाल.

निवृत्त_नायब
असले सल्ले उघड्यावर देऊ नका. जो तिथे सर्वसाधारण रहिवासी नाही त्याचं नाव साध्या यादीत ठेवता येत नाही. अर्जात खोटी माहिती दिली तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय बीएलओ गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशांची एएसडी यादी करतो, ती मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाच्या टेबलावर असते. तुमचं नाव त्यात निघालं की सगळ्यांसमोर उलटतपासणी होते.

मिरजेचा_सतारवाला
साहेब, कायदा मलाही वाचता येतो. त्याच कायद्यात कलम २० मध्ये आहे की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं रहिवासीपण जात नाही. यूएईत नागरिकत्व थोडंच मिळणार आहे, आज ना उद्या परत यायचंच. म्हणजे तात्पुरताच नाही का?

निवृत्त_नायब
तात्पुरता म्हणजे देवदर्शनाला, बाळंतपणाला, दोन महिन्यांच्या कामाला. वर्षानुवर्षं बिऱ्हाड तिकडे आणि म्हणे तात्पुरता. हा वाद नोंदणी अधिकाऱ्यासमोर घाला, तो काय म्हणतो बघा.

मिरजेचा_सतारवाला
दोन महिन्यांची अट कुठे लिहिलीय ते दाखवा.

निवृत्त_नायब
लिहिलेली नाही, उदाहरण दिलं. आकडा नाही म्हणूनच तर ते अधिकाऱ्याने ठरवायचं असतं.

डब्लिनकर
मुळात ही वेळच का येते? २०१८ च्या ऑगस्टमध्ये परदेशस्थांना प्रॉक्सी मतदानाची मुभा देणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं होतं, राज्यसभेत मंजूर झालंच नाही आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. मग २०२० मध्ये आयोगानेच कायदा मंत्रालयाला लिहिलं की सैनिकांसाठी जी ईटीपीबीएस आहे, म्हणजे मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायची आणि मत पोस्टाने परत, ती परदेशस्थांना पण देऊ. पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत. वकिलातीतल्या सरकारी नोकरांना हे मिळतं, त्याच गल्लीत राहणाऱ्या आपल्याला नाही.

अबुधाबी_अण्णा
डब्लिनमध्ये बसून पोस्टल ठीक वाटतं. इकडे लेबर कॅम्पात या एकदा. आठजण एका खोलीत, बेकायदेशीर असलं तरी पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात. तिथे मतपत्रिका आली तर ती गुप्त राहील? मुकादम सांगेल तिथे शिक्का. प्रॉक्सी तर त्याहून वाईट, गावातला पुढारी वीस जणांची प्रॉक्सी खिशात घालून फिरेल.

डब्लिनकर
मग वकिलातीत मतदान केंद्र ठेवा. तुमच्या इकडेच फिलिपिनो लोक इतकी वर्षं तिथे जाऊन मत देतायत ना? २०२५ ला तर त्यांनी ऑनलाइन पण केलं.

अबुधाबी_अण्णा
हो, माझ्या ऑफिसातली फिलिपिनो बाई दाखवत होती मोबाइलवर. पण त्यांना अख्ख्या देशाचे तेच सिनेटर निवडायचे असतात, परदेशातल्या सगळ्यांना यादी एकच. आपल्याकडे ५४३ जागा, प्रत्येकीची वेगळी यादी आणि मतदान सात टप्प्यांत. एका वकिलातीने हे सांभाळायचं कसं? अशक्य नाही म्हणत, पण सोपं समजू नका.

पेडण्याचो
आमच्याकडे उलटंच. माझा भाऊ पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडमध्ये स्विंडनला गेला, त्याला पोर्तुगालच्या संसदेची मतपत्रिका आपोआप घरी पोस्टाने येते, लिस्बन त्याने अजून विमानतळापलीकडे बघितलेलं नाही. परदेशस्थांसाठी त्यांच्या २३० मधल्या चार जागा राखलेल्या आहेत, दोन युरोपच्या आणि दोन युरोपबाहेरच्या. आणि इकडे गोव्यात एसआयआरला, म्हणजे मतदार यादीच्या विशेष फेरतपासणीला, बीएलओ घरी आला तेव्हा आई त्याचं नाव काढू देईना. पोर्तुगीज झाला म्हणजे भारतीय नागरिकत्व गेलं, ६ए पण नाही, काहीच नाही. तरी ती म्हणते घर त्याचंच आहे ना.

मिरजेचा_सतारवाला
बघा, आईला कळतं ते कायद्याला कळत नाही.

निवृत्त_नायब
पेडण्याचो, नाव काढायलाच हवं. आईंना समजवा.

न्यूजर्सीची_मावशी
मला एक सांगा, मत देण्यापेक्षा कितीतरी जास्त फरक आपण इथून पाडतो. आम्ही २०१४ ला शनिवार-रविवार बसून गावोगावी फोन करायचो, यादी घेऊन, चहा पोहे सगळं असायचं. एका मतापेक्षा शंभर फोन भारी!

टोमणे_अनलिमिटेड
मावशी, रात्रपाळींना कागद कुठला जोडायचा हे विचारायचंय. आणि फोनचं म्हणाल तर तुमच्याकडे जरा जपून, तिथल्या एका भारतीय पक्षाच्या मित्रमंडळाला २०२० मध्ये परकीय एजंट म्हणून रीतसर नोंदणी करावी लागली होती.

न्यूजर्सीची_मावशी
आम्ही मंडळ नव्हतो, भिशीचा ग्रुप होता.

रात्रपाळी
मंडळी, माझ्याकडे जेवणाच्या सुट्टीची पंधरा मिनिटं आहेत. जुना रद्द झालेला पासपोर्ट आहे माझ्याकडे, त्यावर गावचा पत्ता आहे. तो जोडला तर? हो की नाही?

निवृत्त_नायब
सरळ उत्तर, माझ्या मते नाही. कायद्यात पासपोर्टवरचा पत्ता म्हटलंय, तो चालू पासपोर्ट. जोडून बघायला हरकत नाही, पण भरवसा ठेवू नका. पक्का मार्ग म्हणजे भारतातला पत्ता घालून पासपोर्ट पुन्हा काढणे, पत्ता नुसता खोडून बदलत नाहीत. तोवर वडिलांना सांगा की नाकारल्याचा आदेश लेखी मागा. तो हातात आला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तिथेही नाही झालं तर पुढे ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. आणि ६ए पुन्हा भराल तेव्हा जुनं कार्ड परत करायची तयारी ठेवा. नवीन कार्ड मिळत नाही, परदेशस्थ मतदाराला केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवून मत द्यायचं असतं.

डब्लिनकर
हे खरं आहे, माझं नाव यादीच्या शेवटी वेगळ्या विभागात आहे. केंद्रावरच्या बाईंनी पासपोर्ट उलटसुलट करून तीनदा बघितला, पण दिलं मत.

मिरजेचा_सतारवाला
माझा सल्ला, पासपोर्ट नवीन होईस्तोवर जुनं नाव काढू नका. नाहीतर ना घर का ना घाट का.

निवृत्त_नायब
ह्यावर मी काही लिहून देणार नाही.

फ्रँकफर्टी_वडा
छान माहिती. माझं ओसीआय आहे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं कार्ड, मला ६ए भरता येईल का?

निवृत्त_नायब
नाही. वर वाचा.

रात्रपाळी
बरं. पासपोर्टचं बघतो, लेखी आदेशाला वडिलांना परत पाठवतो. आता आणखी एक घोळ. बायकोचा पासपोर्ट भारतातच काढलेला आहे, लग्नाआधीचा, त्यावर तिच्या माहेरचा कोल्हापूरचा पत्ता आहे. म्हणजे तिचं ६ए होईल, पण कोल्हापुरात? आणि माझं कुठेच नाही?

डब्लिनकर
नियमाने तसंच दिसतंय. तिचं नाव आता आहे का कुठल्या यादीत? सासरचं कार्ड काढलं होतं का?

रात्रपाळी
विचारतो. झोपलीय.