पहिलं विमान, रिकामं हँगर: आधी काय घ्यावं?

उडत_बसलोय

मंडळी, ओहायोत कोलंबसबाहेरच्या एका छोट्या विमानतळावर अखेर टी-हँगर (एका छोट्या विमानापुरतं गॅरेज) मिळालं. वेटिंग लिस्ट इतकी लांब होती की नाव दिल्याचंच विसरलो होतो. विमान १९७० चं पायपर चेरोकी १४०, इंजिन लायकमिंग ओ-३२०, दीडशे घोड्यांचं. आजवर क्लबचं विमान भाड्याने उडवलं. टाकीतलं थोडं इंधन काढून पाणी बघायचं, तेलाची काडी बघायची, याच्यापलीकडे हात लावायची वेळ कधी आली नाही.

हँगर पत्र्याचं, खाली काँक्रीट, सरकती दारं, एक बल्ब, एक प्लग. आधीचा भाडेकरू एक मोडकी शिडी सोडून गेलाय. सध्या हजार-बाराशे डॉलर घालायची तयारी आहे. याद्या बघितल्या तर कॉम्प्रेसर, जॅक, टूल चेस्ट, विमान ओढायचा इलेक्ट्रिक टग... त्या हिशेबाने विमान स्वस्त पडलं म्हणायचं. आधी काय घेऊ, नंतर काय, आणि काय मुळीच घेऊ नको? नोव्हेंबर लागलाय, त्यामुळे थंडीचाही घोर आहे. आणि हो, हँगरमध्ये बसायला सोफा ठेवला तर चालतो का?

सदाशिवकर

मला पुण्यात स्कूटर लावायला जागा नाही, तरी सगळं मन लावून वाचणार आहे. चालू द्या.

विस्कॉन्सिनचा_काका

अभिनंदन रे! चेरोकी गुणी विमान आहे. दार एकच आणि तेही उजवीकडे, म्हणून पाहुण्याला बाहेर थांबवून आधी तू आत सरकायचं, एवढीच काय ती गैरसोय.

माझं १९७५ चं सेसना १७२. ओशकोशपासून फार लांब नाही. बरीच वर्षं त्याच हँगरमध्ये आहे, म्हणून आगाऊपणे सांगतो: तू वर्कशॉप मांडायला निघालायस, ते आत्ता नको. आपल्यासारख्यांच्या विमानांना पोचे आणि ओरखडे येतात ते ढकलताना आणि नुसती उभी असताना. पहिले पैसे तिथे घाल.

तुझ्या पंखांची लांबी तीस फूट. दार चाळीस फुटांचं असेल तर दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट मोकळे. कागदावर भरपूर वाटतं. प्रत्यक्षात तू नाकाशी टो-बार (नाकाच्या चाकाला अडकवायचा दांडा) धरून उलटा ढकलत असतोस आणि शेपूट कुठे चाललंय ते दिसत नाही. एकदा मित्राला बोलावून विमान नीट मधोमध उभं कर, नाकाचं चाक ज्या रेषेवरून गेलं ती खडूने आख, मग पिवळ्या रंगाने पक्की कर. मुख्य चाकं जिथे थांबायला हवीत त्याच्या मागे दोन बाय चार इंची लाकूड जमिनीला ठोक. जमिनीत भोकं पाडायची परवानगी नसेल तर जड रबरी ठोकळे ठेव. एवढ्याने शेपूट मागच्या पत्र्यावर जाणार नाही. खर्च पिझ्झाएवढा.

टो-बार विमानाबरोबर आलाच असेल. त्याला भडक लाल रंग दे, लांब फीत बांध. माझ्या हँगरचा नियम: हात बारवरून सुटला की बार चाकावरून सुटला पाहिजे. फोन आला, कोणी हाक मारली, तरी. बार तसाच राहून इंजिन चालू केलं तर पंख्याचं पातं त्यावर आदळतं, आणि पातं आदळलं की इंजिन उघडून तपासावं लागतं. तो आकडा तुझ्या बजेटमध्ये कुठेच बसत नाही. आणि चेरोकीचं मागचं आडवं शेपूट अख्खंच्या अख्खं हलतं, त्याला धरून ढकलू नकोस. पुढच्या स्पिनरला, म्हणजे पंख्याच्या मधल्या टोपीलाही नाही.

हिवाळ्यात दारासमोर बर्फाची साय धरते. बूट घसरतो आणि विमान जागचं हलत नाही. तिथे मीठ टाकायचा मोह होईल, टाकू नकोस. ॲल्युमिनियमला मीठ म्हणजे सावकाश दिलेलं विष. वाळूची बादली किंवा मांजराच्या पेटीतला भुगा ठेव. टगचं नंतर बघू. तुझं विमान हलकं आहे, तू तरुण आहेस.

मग उजेड. एका बल्बात तेलाचा ओघळ दिसत नाही. एकाला एक जोडता येणाऱ्या एलईडी पट्ट्या कॉस्टकोत मिळतात, चार पुरे. पण आधी विमानतळाच्या ऑफिसात विचार की तुझ्या रांगेतल्या किती हँगरांची वीज एकाच ब्रेकरवर आहे. आमच्याकडे शेजाऱ्याने कॉम्प्रेसर लावला की माझा हीटर बंद पडतो.

आता खरा शत्रू. उंदीर. थंडी पडली की शेतातले सगळे आत येतात. चाकावरून चढून अंगात शिरतात, इन्सुलेशन कुरतडून घरटं करतात, आणि त्यांचं मूत ॲल्युमिनियम खातं. वर्षाच्या तपासणीला सीटखालची झाकणं काढली की कळतं, तोवर उशीर झालेला असतो. चाकांजवळ सापळे लाव, शेंगदाण्याचं बटर लाव. हँगरमध्ये चिवडा, चिक्की, बिस्किटं अजिबात ठेवायची नाहीत. विमानाच्या मागच्या खिशात तर नाहीच नाही. तुझी बायको डबा देणार, तो जाताना गाडीत.

उन्हाळ्यात गांधीलमाशीची एक जात चिखलाची घरटी करते, तिला पंखाखालची वेग मोजायची पिटोट नळी आणि टाक्यांच्या श्वासनळ्या फार आवडतात. फीत लोंबणारी लाल टोपणं घे आणि हँगरच्या आतसुद्धा लाव.

इंजिनाखाली इंडियन ग्रोसरीतलं पुठ्ठ्याचं खोकं उलगडून पसर. ट्रे विकत घ्यायला जाऊ नकोस. पुठ्ठ्यावर डाग किती मोठा, कालच्यापेक्षा वाढला का, तेल की इंधन, सगळं दिसतं. निळसर डाग आणि वास आला तर ते शंभर एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, तेव्हा लगेच मेकॅनिकला फोन.

काचेसाठी जाड मायक्रोफायबर आणि भरपूर पाणी. घरचा अमोनियावाला स्प्रे मारलास तर विमानाच्या ॲक्रिलिक काचेला तडे जातील. पेपर टॉवेलही नको. पुसायचं वर-खाली, गोल गोल नाही.

सोफ्याचं म्हणशील तर सरकारी पैसा घेतलेल्या विमानतळांवर हँगर मुख्यत्वे विमानासाठीच वापरायचं असा एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा) नियम आहे. २०१६ साली त्यांनी तो नव्याने मांडला, १ जुलै २०१७ पासून लागू झाला. विमान आत-बाहेर करायला आड येत नसेल तर इतर सामानाला त्यात मनाई नाही. म्हणजे सोफा चालतो. माझ्याकडे आहे. पाऊस पडत असताना विमानाकडे बघत बसायला दुसरी जागा नाही.

रेंचवाली

मी ए अँड पी, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची आणि इंजिनाची परवानाधारक मेकॅनिक, टेक्सासला असते. काकांचं बहुतेक पटलं. हत्यारांवर थोडं माझ्याकडून.

प्रायव्हेट पायलट लायसन्स असेल तर आपल्या विमानाची काही कामं तुम्ही स्वतः करू शकता. एफएएच्या नियमांतल्या भाग ४३ च्या परिशिष्ट ए मध्ये ती यादी आहे: तेल बदलणं, टायर बदलणं, स्पार्क प्लग साफ करून गॅप लावणं, बॅटरी, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस, सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून पिळून बांधायची तार). ब्रेकची पॅडं त्या यादीत नाहीत, बरेच जण गृहीत धरतात. काम केलं की लॉगबुकात काय केलं, तारीख, सही, लायसन्सचा नंबर आणि प्रकार लिहायचा. न लिहिलेलं काम माझ्या लेखी झालेलंच नसतं.

पहिलं काम तेलाचं येईल. आधी बघा की तुमच्या इंजिनाला फिरवून बसवायचा फिल्टर आहे की नुसती जाळी. जुन्या चेरोकींमध्ये दोन्ही सापडतं. जाळी असेल तर २५ तासांनी तेल बदला, फिल्टर असेल तर ५० तासांनी, आणि तास भरोत न भरोत, चार महिन्यांनी बदलाच. हे लायकमिंगचंच सांगणं आहे. तेवढ्यासाठी लागतं काय? टॉर्क रेंच, सेफ्टी वायरची पक्कड, ०.०३२ इंचाची तार, ड्रेनला लावायची नळी, जुन्या तेलाचा डबा आणि फिल्टर कापायचं कटर. चॅम्पियनच्या फिल्टरवर १६ ते १८ फूट-पौंड असं छापलेलंच असतं. मनगटाच्या अंदाजाने आवळू नका. काढलेला फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा, उन्हात तिरप्या धरा. बारीक चमक दिसली तर चुंबक लावून बघा, आणि त्या घड्या फेकून न देता मला, म्हणजे तुमच्या मेकॅनिकला, दाखवा.

जॅक मात्र इतक्यात घेऊ नका. चेरोकी पंखाखालून उचलतात आणि नाक खाली जाऊ नये म्हणून शेपटीला वजन लावावं लागतं. पायपरचं मॅन्युअल सुमारे २५० पौंड सांगतं. लोक एका बादलीत काँक्रीट ओततात आणि झालं समजतात. एका बादलीत तेवढं वजन भरत नाही. टायर पंक्चर झालं तर शेजाऱ्याचा संच मागा, किंवा जवळच्या ईएए चॅप्टरला, म्हणजे हौशी वैमानिकांच्या संघटनेच्या शाखेत जा. तिथे असली जड हत्यारं बऱ्याचदा मेंबरांच्यात फिरत असतात, आणि सोबत ती कशी वापरायची हे सांगणारा माणूसही येतो.

आग विझवायचं नळकांडं घेताना दुकानातलं एबीसी पावडरवालं उचलू नका. ती पावडर ओलावा धरून ॲल्युमिनियम गंजवते, सांध्यांत शिरली की निघत नाही. आग विझेल आणि विमान जाईल. मागे काही न उरणारं हॅलोट्रॉन महाग पडतं, पण विमानाजवळ तेच. इंधनाचे कॅन आत साठवू नका, आणि तपासायला काढलेलं शंभर एलएल जमिनीवर ओतू नका, त्यात शिसं असतं.

उडत_बसलोय

काका, ताई, खूप आभार. आज जाऊन बघितलं, माझ्या इंजिनाला जाळीच आहे. म्हणजे २५ तास. सापळे आणले. आता हीटिंगचं सांगा. शेजारचे गृहस्थ म्हणतात इंजिनाचा हीटर नोव्हेंबर ते मार्च लावूनच ठेव.

विस्कॉन्सिनचा_काका

लायकमिंग १० फॅरनहाइटच्या खाली आधी गरम करा म्हणतं. मी तेवढी वाट बघत नाही, पारा गोठणबिंदूखाली गेला की लावतो. पण कायमचा नाही. निघायच्या आदल्या रात्री फोनवरून चालू होणारा प्लग, नाकावर जुनी रजई, हवेच्या भोकांत फोमचे बोळे. सकाळपर्यंत इंजिन कोमट. हँगरमध्ये प्रोपेनचा उघड्या ज्योतीचा हीटर मात्र पेटवू नकोस. इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते.

रेंचवाली

कायम लावण्यावर दोन तट आहेत. तळ गरम आणि वरचे भाग थंड राहिले तर तेलातला ओलावा वर जाऊन धरतो. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतो, उभ्या विमानात त्याच्यावरचं तेल ओघळून जातं आणि गंज तिथेच आधी लागतो. सगळं इंजिन सारखं तापत असेल आणि वर पांघरूण नीट असेल तर कायम लावणाऱ्यांचंही बरं चाललेलं मी बघितलंय. पण अर्धवट पांघरुणात कायम लावणं सगळ्यात वाईट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उडवा. आणि तेल १८० फॅरनहाइटच्या आसपास जाऊन थोडा वेळ तिथे राहील इतकं उडवा. हँगरसमोर दहा मिनिटं इंजिन फिरवून बंद करणं याने ओलावा वाढतो, जात नाही.

विस्कॉन्सिनचा_काका

रजईचा मुद्दा मान्य. माझी विमानाच्या हनुवटीखाली उघडी पडते, या शनिवारी शिवून घेतो.

सदाशिवकर

या सगळ्यात सोफा कितीला पडला ते कोणीच सांगितलं नाही.

विस्कॉन्सिनचा_काका

फुकट. रस्त्याच्या कडेला ठेवला होता. पण आणल्यावर आधी त्यात उंदीर आहेत का बघितलं.