मूठभर धान्याची देणगी

आपली शाळा अडचणीत आहे, आणि मोठा देणगीदार असल्याशिवाय अशी शाळा तगत नाही, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र जेवायची, त्यामुळे सुरुवातीला टीकाच जास्त. धान्य संपायचं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांचे दागिने एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा पोरांच्या पोटासाठी गेलं. (भाषणांत नाव मात्र भाऊरावांचंच जास्त येतं!) पुढे भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेत मुष्टिफंड होता: घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते वसतिगृहाला.

आणि ज्या घरातून ती मूठ यायची, तिथेही सुबत्ता नव्हतीच. आपल्या शाळेसाठी एकच बडा माणूस शोधण्याआधी माजी विद्यार्थ्यांना महिना शंभर रुपये मागून बघा की.