लेबल प्रिंटरवर लोगोच्या जागी तिरक्या रेघा येतायत, काय चुकतंय?

कोथरूडचा_भाचा:
मंडळी, मावशीचा घरगुती भाजणी-मेतकुटाचा धंदा आहे. पाकिटांच्या लेबलांसाठी तपकीर गल्लीतून सेकंडहँड थर्मल प्रिंटर आणला, झेडपीएल (प्रिंटरला हुकूम द्यायची भाषा) चालतं, २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके), लेबल ५० बाय २५ मिमी. पायथनमधून बारकोड पाठवला तर झकास येतो पण लोगो टाकला की वाट लागते. लोगो १५० बाय १२० पिक्सेल, पिलोने (पायथनची इमेज लायब्ररी) वन-बिट म्हणजे नुसता काळा-पांढरा केला, हेक्स (सोळाच्या पायाचे आकडे) करून जीएफए या चित्र छापायच्या कमांडमध्ये दिला, तर लोगो ओळखूच येत नाही, नुसत्या उजवीकडे घसरत गेलेल्या रेघा, वर काळ्याचं पांढरं न् पांढऱ्याचं काळं. एका बाइटात ८ पिक्सेल, म्हणून १५० भागिले ८ म्हणजे १८, तेवढेच बाइट दिलेत एका ओळीला. अर्धा रोल संपला, मावशी म्हणते हातानेच लिहू का रे.

सरळमार्गी:
ड्रायव्हर टाका आणि वर्डमधून प्रिंट मारा की राव, कशाला डोक्याला ताप.

भोसरी_एमआयडीसी:
वर्डमधून पाचशे लेबलं काढून बघा मग बोलू.
भाच्या, १५० भागिले ८ म्हणजे १८.७५, आणि अर्धा बाइट नसतो, वरच जायचं, १९. पिलो प्रत्येक ओळ १९ बाइटचीच देतो, तू प्रिंटरला १८ सांगतोस, मग उरलेला एक बाइट पुढच्या ओळीच्या सुरुवातीला घुसतो, म्हणजे दर ओळीला ८ ठिपके उजवीकडे. एकूण बाइट १९ गुणिले १२० म्हणजे २२८०, हा आकडा जीएफएमध्ये दोनदा द्यायचा आणि मग १९.
उलट्या रंगाचं म्हणशील तर झेडपीएलमध्ये १ म्हणजे काळा आणि पिलोत १ म्हणजे पांढरा. (टीएसपीएल ही दुसरी भाषा बोलणाऱ्या प्रिंटरला हे परत उलटं, तिथे ० काळा, मी एकदा चांगलाच फसलोय.) पण बाइट काढून झाल्यावर उलटवू नकोस, शेवटच्या बाइटमधले दोन रिकामे बिटही काळे होतात आणि उजव्या कडेला बारीक उभी रेघ येते. आधी इमेज उलटव, नाहीतर सरळ १५२ रुंदीचीच बनव.

कोथरूडचा_भाचा:
आला आला!! दादा, चहा लागू. आता अजून एक, मराठी मजकूरपण इमेज करूनच टाकतोय तर 'किंमत'मधली वेलांटी क च्या नंतर येते आणि 'ग्रॅम'चा पाय मोडतो. शिवाय अक्षरांच्या कडा रवाळ दिसतात.

पेठेतली_प्रोग्रामर:
वेलांटीचा दोष प्रिंटरचा नाही, तुमच्या पिलोला राक्म लायब्ररी सापडत नाहीये. ती नसेल तर अक्षरं नुसती एकापुढे एक मांडली जातात, जोडाक्षर वगैरे काही कळत नाही. रवाळ दिसतं कारण वन-बिट करताना पिलो आपणहून डिदरिंग करतो, म्हणजे करड्याच्या जागी काळे-पांढरे ठिपके विखुरतो, फोटोला ठीक आहे, अक्षरांना नाही. आधी ग्रेस्केल (० काळा ते २५५ पांढरा) करा, १२८ च्या वर पांढरं, खाली काळं, मग वन-बिट. मजकूर मुळातच ८ ठिपके म्हणजे १ मिमी या हिशोबाने काढा, मोठा काढून लहान केलात की शिरोरेघ कुठे जाड कुठे गायब.
बारकोडची मात्र इमेज करू नका, तो कमांडनेच राहू द्या.

भोसरी_एमआयडीसी:
आणि लोगो दर लेबलला पाठवत बसू नकोस, डीजी कमांडने एकदा प्रिंटरमध्ये ठेव, मग एक्सजीने बोलवायचा. फक्त आर ड्राइव्हवर (प्रिंटरची तात्पुरती मेमरी) ठेवलास तर लाइट गेली की गेला, ई वर (कायमची मेमरी) ठेव. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, त्यामुळे हे मी लवकर शिकलो.

कोथरूडचा_भाचा:
ई वर टाकला. मावशीने पहिलं लेबल फ्रीजवर चिकटवलंय.