नऊ महिन्यांच्या बाळासाठी भाजी-फळांच्या गराचे पाऊच : कोणता घ्यावा, रोज द्यावा का?

अप-डाऊन आई, भुसावळ

नमस्कार. माझा मुलगा नऊ महिन्यांचा झाला. मी रोज भुसावळ-जळगाव अप-डाऊन करते, सकाळी साडेआठला घर सोडलं की यायला सात वाजतात. दिवसभर बाळ सासूबाईंजवळ असतो. त्या मऊ वरण-भात देतात, खिचडी घोटून देतात, केळं देतात. ते सगळं तो खातो. भाजी म्हटली की मात्र तोंड घट्ट मिटून घेतो. वाफवलेलं गाजर दिलं तर जिभेने बाहेर ढकलतो, हनुवटीवरून ओघळतं, पुन्हा भरवलं की पुन्हा तेच.

मागच्या आठवड्यात नणंद पुण्याहून आली. तिने सहा पाऊच आणले, टोपण फिरवून थेट तोंडाला लावायचे. त्यातला पालक-वाटाणा लिहिलेला त्याने दोन मिनिटांत संपवला. पोराच्या पोटात हिरवी भाजी गेली म्हणून मला खरंच भरून आलं. सासूबाई बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "पण तो चावतोय कुठे?" तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय.

पुढच्या महिन्यात, माघात, मावसबहिणीचं लग्न सुरतेला आहे. रेल्वेने जायचंय, सहा-सात तास तरी जातील. ऑनलाईन बघितलं तर ढीगभर प्रकार आहेत. कोणावर ऑरगॅनिक, कोणावर साखर नाही, कोणावर सहा महिन्यांपासून. एकाला सव्वाशे रुपयांच्या घरात पैसे पडतात. पैशाचं एक वेळ राहू द्या, पण माझ्यामागे घरात रोज एक दिला तर चालेल का? आणि घ्यायचा तर काय बघून घ्यायचा?

धुळेकर बाबा

आम्ही मुलीला प्रवासात देतो, घरी नाही. ताई, एक गोष्ट नक्की सांगतो. एकदा तोंडाला लावलेला पाऊच टोपण बसवून पुन्हा ठेवू नका. मागच्या मे महिन्यात नाशिकला जाताना अर्धा उरलेला गाडीतच राहिला. संध्याकाळी टोपण फिरवलं तर फस्सकन आवाज आला आणि आंबूस वास सुटला. बाळाची लाळ आत गेलेली आणि वरून आपल्याकडचं ऊन, दुसरं काय होणार? तेव्हापासून उरलं की फेकतो. थेट तोंडाला न लावता वाटीत काढून घेतलं असेल, तरच उरलेला पाऊच फ्रीजमध्ये ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी संपवतो.

गराची ताई, जळगाव

ताई, पाऊच उलटा करा आणि मागे जे बारीक अक्षरात छापलंय ते इथे जसंच्या तसं उतरवा. पुढचं चित्र नको. घटक आणि टक्के लिहा, मग सांगते.

अप-डाऊन आई, भुसावळ

घ्या ताई, तीन प्रकार आहेत.

पालक-वाटाणा-सफरचंद : सफरचंदाचा गर ६८ टक्के, वाटाण्याचा गर २०, पालकाचा गर १२.

आंबा-केळं : केळ्याचा गर ६०, आंब्याचा गर ३९, बाकी सायट्रिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड. हे अ‍ॅसिड वाचून मी तो बाजूलाच ठेवलाय.

गाजर-रताळं-मसूर : गाजर ४२, रताळं २५, शिजवलेली मसूर डाळ १८, पाणी, सूर्यफूल तेल.

गराची ताई, जळगाव

आता सविस्तर लिहिते, कारण हे माझ्या कामातलं आहे आणि माझ्या घरातलंही.

मी सात वर्षं इथल्याच एका गर काढण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. केळं, आंबा, पेरू. रावेर-यावलकडून केळी यायची, पिकवून, सोलून पल्परमध्ये, म्हणजे गर काढायच्या यंत्रात जायची आणि जाळीतून गर पडायचा. त्या जाळीत रेषा, गाठ, बी सगळं अडकतं. गर इतका गुळगुळीत की बोटांत चोळला तरी कण लागत नाही. आता केळं कापून ठेवलं की काळं पडतं हे तुम्ही रोज बघता. ते होऊ नये म्हणून अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घालतात, म्हणजेच व्हिटॅमिन सी. सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे लिंबात असतं तेच. केळ्याचा गर मुळात फारसा आंबट नसतो. त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), ४.६ च्या खाली आणला की जीवघेणं विष तयार करणारे बॉट्युलिझमचे जंतू त्यात वाढत नाहीत, आणि कमी तापवूनही तो टिकवता येतो. आमचं निम्मं काम हा पीएच मोजण्याचंच होतं. तेव्हा त्या नावांना घाबरून पाऊच बाजूला ठेवायचं कारण नाही.

आता तुमचा पालक-वाटाणा. पालक, वाटाणा, गाजर या भाज्या आंबट नाहीत. नुसती भाजी पाऊचमध्ये टिकवायची तर ती दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवावी लागते. सफरचंद घातलं की आंबटपणा मिळतो, मिश्रण टिकवणं सोपं जातं, आणि ते गोडही होतं म्हणून मूल पटकन घेतं. म्हणून बाजारातल्या कितीतरी 'भाजी'च्या पाऊचमध्ये पहिलं नाव सफरचंदाचं किंवा नाशपतीचं दिसेल. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे हा नियम आहे, आणि नावात किंवा चित्रात जे मिरवलंय त्याचे टक्के द्यावे लागतात. शंभर ग्रॅममध्ये पालक १२ ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच चहाचे चमचे. तुमच्या बाळाने त्या दिवशी हिरव्या रंगाचं सफरचंद खाल्लं. त्यात वाईट काही नाही, पण पालकाची चव त्याच्या जिभेला अजून भेटलेली नाही. म्हणून गाजर तो अजूनही ढकलणारच.

'साखर घातलेली नाही' हे खरं असतं. पण शंभर ग्रॅम सफरचंदाच्या गरात फळाचीच साधारण दहा ग्रॅम साखर असते. अख्खं फळ चावताना ती सावकाश सुटते, इथे सगळं आधीच मोडून बारीक झालेलं असतं. टोपणातून चोखलं की ते नुकत्याच आलेल्या दातांवर रेंगाळतं. आणि 'ऑरगॅनिक' हे शेतात काय फवारलं त्याबद्दल आहे, पोटात काय गेलं त्याबद्दल काही सांगत नाही.

मला सगळ्यात जास्त तळमळ लोहाची आहे. पोटात असताना बाळाने साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या पुढे कमी पडायला लागतं आणि आईच्या दुधात ते थोडंच असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातली सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली ६७ मुलं रक्तक्षय असलेली निघाली. एवढं असताना बाळाच्या इवल्याशा पोटातली जागा सफरचंदाने भरायची का? त्यात लोह नसल्यातच जमा आहे. तुमच्या तिघांत मी गाजर-रताळं-मसूर घेईन. डाळ आहे, थोडं तेल आहे, पहिलं नाव भाजीचं आहे. घेताना एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा) १४ आकडी परवाना क्रमांक, तारीख आणि पाऊच कुठे फुगलाय का, एवढं बघा. आणि एक लक्षात असू द्या. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, १९९२ चा कायदा, २००३ मध्ये आणखी कडक केलेला. दुकानदार फारच गळ घालू लागला तर तिथून निघा.

आता घरातलं. मी शिफ्टमध्ये काम करायचे. मुलगी सात महिन्यांची असल्यापासून रोज एक पाऊच, कधी दोन. गर कसा बनतो हे मला माहीत होतं, स्वच्छ असतो हे माहीत होतं, म्हणून माझा विश्वास होता. तेरा महिन्यांची झाली तेव्हा वरण-भात दिला. भाताचं एक शीत जिभेवर आलं आणि ती तोंड उघडं ठेवून रडायला लागली. शीत तसंच जिभेच्या टोकावर. गिळता येईना, थुंकता येईना. मी बोटाने काढलं. रोज असंच, कधी उलटी. डॉक्टरांनी सांगितलं की नऊ-दहा महिन्यांच्या आत गाठी असलेलं, कण लागणारं अन्न तोंडात फिरवायची सवय लागायला हवी होती. ती पोळीचा तुकडा चावून खाऊ लागली तोवर आणखी चार महिने गेले. त्या चार महिन्यांत मी तिच्यासमोर बसून प्रत्येक घास स्वतः चावून दाखवायचे, जबडा हलवून, आवाज करून.

तुमच्या सासूबाईंनी नऊ महिन्यांतच ते हेरलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

रोज नको. प्रवासात, कोणी आजारी असलं तर, अडीअडचणीला खुशाल द्या, पण वाटीत पिळून चमच्याने. पिळताना त्याला बघू द्या, वास घेऊ द्या. पाऊचमध्ये त्याला काहीच दिसत नाही. आणि जिभेने ढकलणं म्हणजे नकार नव्हे, नव्या गोष्टीला बाळं तसंच करतात. तीच भाजी जबरदस्ती न करता आठ-दहा वेळा समोर येऊ द्या. लाल भोपळा, आपलं गंगाफळ, वाफवा, मिक्सर अजिबात लावू नका, काट्याने दाबा, वर अर्धा चमचा तूप. त्यातलं जीवनसत्त्व अ अंगी लागायला स्निग्ध लागतंच.

फैजपूरची मावशी

ताईने सगळं बरोबर लिहिलं. मी पाच नातवंडं सांभाळली, थोडं माझं ऐक माय.

आता थंडीचे दिवस आहेत, बामणोदची भरताची वांगी बाजारात आली असतील. घरी भरीत करशील तेव्हा वांगं भाजून, साल काढून, ठेचलं की मिरची-लसूण पडायच्या आधी दोन चमचे बाळाचे बाजूला काढ. मीठही नको, वर्षाच्या आत लागत नाही. ते बिया-रेषांसकट मऊ असतं, धुराचा वास असतो, पोरं मिटक्या मारत खातात. माझा नातू दहा महिन्यांचा असताना असाच शिकला. सगळ्या घराचा एकच स्वयंपाक होतो, निराळं काही करावं लागत नाही.

वरणाचं वरचं पाणी देत असाल तर बंद कर. त्यात काही नाही, डाळ खाली राहते. घट्ट वरण दे. चमचा कलता केला तरी खाली पडू नये इतकं घट्ट. केळं सालीवर काळे ठिपके आलेलं घे, वाटीत चमच्याने रगड, थोडे गोळे राहू दे. आपल्याकडे घड दारात असताना केळ्याचा पाऊच तर घेऊच नको. शेंगदाणा अख्खा कधीच नाही, अगदी बारीक कूट करून पेजेत मिसळ. आमच्या वेळी बाळाच्या जिभेला मधाचं बोट लावायचो. आता अंगणवाडीच्या ताईबाई सांगून गेल्या, वर्षाच्या आत मध चालत नाही, बाळाला विषबाधा होऊ शकते. ते मी सगळ्यांना सांगत असते.

खाताना ओकारीसारखं केलं, खोकला, डोळ्यांत पाणी आलं तर घाबरू नको, पोर स्वतःच घास पुढे आणतं. आवाजच बंद झाला, चेहरा निळा पडायला लागला तर ते घास अडकणं. म्हणून खाताना कोणीतरी समोर बसलेलं पाहिजेच. सासू आहे घरी, मग काळजी नाही. पोरले चावू दे.

अप-डाऊन आई, भुसावळ

सुरतेहून परत आलो, म्हणून लिहिते.

गाजर-मसूरचे दोन पाऊच, स्टीलची वाटी, चमचा आणि डब्यात भाकरीचा मऊ पापुद्रा नेला होता. अमळनेर सोडल्यावर पहिला पाऊच वाटीत पिळला. त्याने आधी हात घातला, मग हात चाटला, मग चमचा माझ्याकडून हिसकावला. अर्ध्याच्या वर खाल्लं. बाकी माझ्या साडीवर.

नंदुरबारला मी स्वतः जेवायला डबा उघडला. भरीत-भाकरी होती, त्याच्यासाठी बिनमिरचीचं वेगळ्या डबीत. मावशी, तुम्ही सांगितलं तसंच. पापुद्र्यावर वांगं लावून हातात दिलं. त्याने तो तुकडा तोंडात घातला, डोळे मोठे केले, एकदा खोकला आणि खालचे दोन वरचे दोन एवढ्या दातांनी चावत राहिला. सासूबाई समोरच्या बाकावर होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, स्वतःचा जबडा त्याच्याबरोबर हलवत होत्या.

गराची ताई, तुमच्या मुलीचं वाचून मी मिक्सर वरच्या फळीवर ठेवला. गाजर अजून ढकलतो. आज सहावी वेळ होती, आज थोडं आत गेलं.

सफरचंदवाले दोन पाऊच उरलेत. सासूबाईंनी काल त्यातला एक फोडून मुगाच्या घट्ट वरणात दोन चमचे कालवला आणि भाताबरोबर भरवला. उरलेला फ्रीजमध्ये आहे, आज दुपारी संपेल.