मदत हवी आहे: पावडर टाकूनही विहिरीचे पाणी दूषितच

विवंचनेत:
आवारातील विहिरीचे पाणी तपासून घेतले, तर ते पिण्यास अयोग्य असल्याचा अहवाल आला. ब्लीचिंग पावडर टाकल्यावर काही दिवस बरे जातात आणि पुन्हा वास येऊ लागतो. पावडर किती टाकावी, एवढेच कृपया लवकर सांगावे.

पाणवठा:
अयोग्य म्हणजे नेमके काय? जिवाणू आढळले की नायट्रेट (मैला-खतांतून पाण्यात उतरणारा क्षार) वाढले आहे? विहीर उघडी आहे का, आणि शोषखड्डा किती अंतरावर आहे?

उंबरठा:
एवढ्या चौकशीची गरज नाही. आरओ बसवल्यापासून आमची चिंता मिटली आहे, तुम्हीही बसवून घ्या.

पाणवठा:
आरओ एका नळापुरताच असतो. दात घासायला आणि भांडी विसळायला विहिरीचेच पाणी वापरले जाणार, त्याचे काय?

रानजाई:
भांड्यांवर पांढरा थर बसत असेल, तर पाणी मृदू करणारे यंत्र बसवावे. आम्हाला फार उपयोग झाला.

विवंचनेत:
थराची तक्रार नाही. विहीर उघडी आहे. अहवालात ई. कोलाय (मैल्यातले जिवाणू) आढळले असून नायट्रेट लिटरमागे ७० मिलिग्रॅम आहे. शोषखड्डा चढाच्या बाजूला, आठ-नऊ मीटरवर आहे, आणि पाऊस झाला की पाणी गढुळते. तूर्त पाणी उकळून पितो, तान्ह्या बाळाची दुधाची पावडरही त्यातच कालवतो.

पाणवठा:
बाळासाठी हे पाणी आजच थांबवा. उकळल्याने जिवाणू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे, आणि त्याहून अधिक नायट्रेटमुळे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते.

उंबरठा:
नायट्रेट आरओने कमी होते, म्हणजे माझा सल्ला योग्यच होता.

पाणवठा:
पिण्यापुरता तो योग्य आहे, हे मान्य. परंतु चढावरून मैला झिरपत राहिला तर विहीर कधीच शुद्ध होणार नाही. शोषखड्डा उताराच्या बाजूला, शक्यतो ३० मीटर दूर हलवावा आणि विहिरीभोवतीच्या ओट्याच्या भेगा बुजवाव्यात.

हिशेबी:
मूळ प्रश्नाचे उत्तर राहिलेच. ताजी पावडर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल, तर ते साधारण २८,००० लिटर भरते, म्हणजे पावडर ७० ग्रॅम. ती बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत सोडावी आणि अर्ध्या तासाने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरले आहे का, ते तपासावे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडते, म्हणून आधी उपसा करावा.

विवंचनेत:
पाहुण्यांकडून बाळासाठी पाणी मागवले आहे, खड्ड्यासाठी गवंड्याला बोलावले आहे. फेरतपासणी केव्हा करावी?

हिशेबी:
पाण्यातले क्लोरीन पूर्ण उतरल्यावरच नमुना घ्यावा, नाहीतर अहवाल फसवा येईल. एक मोठा पाऊस झाल्यावर पुन्हा एकदा तपासावे.