न सांगता दारू सोडवायची पावडर – दादाला देऊ का?

धाकटी_बहीण:
माझा दादा ४१ वर्षांचा. आधी रात्रीची एक क्वार्टर असायची, आता सकाळी तोंड धुवायच्या आधी लागते. नाही मिळाली तर चहाचा कप बशीत खडखडतो. वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेली. आईने कुणाच्या तरी सांगण्यावरून १५०० रुपयांची पुडी आणलीये. आमटीत कालवायची, त्याला कळणारही नाही म्हणे. उद्यापासून सुरू करायचं चाललंय. कुणाला गुण आलाय का?

लेथवाल्याची_बायको:
ताई, आधी ती पुडी आईच्या हातातून काढून घ्या.

आमच्या सासूबाईंनी हेच केलं होतं, वरणात घालून. संध्याकाळी हे नेहमीसारखे पिऊन आले आणि दारातच बसले. तोंड, मान लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या थांबेनात. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होते, "मला कुणी काय घातलंय गं?" डॉक्टर म्हणाले, डायसल्फिराम असणार. अंगात दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं आणि मग ते जिरतं. हे औषध ते जिरूच देत नाही. औषध खरं आहे, पण तपासण्या करून, घेणाऱ्याला सगळं सांगून द्यायचं. हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. आणि बंद केल्यावरही त्याचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

हे वाचले. पण पुढे दोन महिने माझ्या हातचं जेवले नाहीत. मी ताटातला घास आधी स्वतः खाऊन दाखवायचे, तरी नाही. ते मला आजही लागतं.

धाकटी_बहीण:
बापरे. मग खोलीत कोंडून एकदम बंद केली तर? मामा तेच म्हणतोय.

लेथवाल्याची_बायको:
अजिबात नको! यांनी गणपतीत शपथ घेऊन एका दिवसात सोडली होती. तिसऱ्या रात्री चादरीवरच्या मुंग्या वेचत बसले. एकही मुंगी नव्हती. पहाटे फिट आली. रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, त्यात माणसं दगावतात. दवाखान्यात ठेवून गोळ्यांवर उतरवावी लागते. व्हिटॅमिन बी१ची इंजेक्शनंही देतात, पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं.

मुक्तांगणचा_जुना_पेशंट:
वहिनींचं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी पुण्यात येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये राहिलोय. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं केंद्र. मलाही पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवलं होतं, गप्पा आणि गट त्यानंतर. १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे. दादा तयार नसला तरी तुम्ही स्वतः करा. आणि त्याच्याशी सकाळी बोला, हात थरथरत असताना नव्हे, थोडा स्थिर झाल्यावर. "सोड" म्हणू नका, "डॉक्टरकडे माझ्यासोबत चल" म्हणा. मला माझ्या बहिणीने असंच नेलं.

धाकटी_बहीण:
पुडी माझ्या पर्समध्ये आहे. आई रडतेय, तिला हे सगळं वाचून दाखवलं. फेकून देऊ?

लेथवाल्याची_बायको:
फेकू नका. डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. आणि आईला जवळ घेऊन बसा, तिने मायेपोटीच आणली होती.